दोन जीबीची पेटी आणि आजीच्या ओव्या : एका रॅमवाढीचं प्रकरण

अंबाजोगाईला माझ्या मामांच्या घरी हॉलमधल्या कपाटावर, इन्व्हर्टरच्या शेजारी, दोन डिस्कची एक काळी पेटी आहे. बाजारात तिला नास म्हणतात. राउटरला केबलनं जोडायची आणि घरातल्या सगळ्या मोबाइल-लॅपटॉपनी आपले फोटो, व्हिडिओ, कागदपत्रं तिच्यात ठेवायची. मामा तिला तिजोरी म्हणतात, आणि त्यांच्या बाबतीत तो शब्द खराच आहे.

मामा शाळेत शिक्षक होते. १९९२ च्या दिवाळीत ते गावी, औसा तालुक्यात, टेपरेकॉर्डर घेऊन गेले आणि आजीच्या व शेजारच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या त्यांनी कॅसेटमध्ये भरून आणल्या. पुढच्या वर्षी ३० सप्टेंबरच्या पहाटे भूकंप झाला. त्या कॅसेटमधल्या काही बायका त्या पहाटे गेल्या. आजी वाचली, पण जात्यावर बसून ओवी म्हणताना तिला नंतर कुणी ऐकलं नाही. आता ते आवाज आहेत ते फक्त तेवीस कॅसेटमध्ये. मामा आणि माझी मामेबहीण गेल्या उन्हाळ्यापासून एकेक कॅसेट डेकवर लावून, लॅपटॉपवर रेकॉर्ड करून या पेटीत ठेवत होते.

मी लातूरला कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. मामांचा फोन आला तो याच कामातला. "ओवी मधीच तुटलाली बग. कॅसेटमध्ये नीट वाजलालीय, पेटीतली तुटलाली."

रविवारी गेलो. बहिणीनं फाइल लावून दाखवली. जात्याची घरघर, बांगड्यांचा आवाज, आजीचा सूर लागलेला, आणि मध्येच एका क्षणात घरघर कापल्यासारखी थांबून पुढच्या ओळीवर उडी. पाऊण तासाच्या फाइलमध्ये अशा चार उड्या होत्या.

आधी दुखणं कुठलं ते

दुकानात येणारा प्रत्येक दुसरा माणूस "मशीन हळू झालंय, रॅम वाढवा" म्हणतच येतो. त्यामुळे मामांनीही "रॅम कमी पडलालीय का" विचारलं तेव्हा मी आधी हिशेब मांडला. ते रेकॉर्डिंग ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ असं करत होते. म्हणजे सेकंदाला साधारण ०.६ एमबी, मिनिटाला ३५ एमबी, तासाला दोन जीबी. जुन्या १०० एमबीपीएसच्या केबलमधूनही सेकंदाला अकरा-बारा एमबी सहज जातात. तेव्हा नेटवर्क अपुरं पडून ओवी तुटत नव्हती. मधूनमधून ही पेटी काही क्षण काहीच स्वीकारत नव्हती आणि लॅपटॉपवरचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर थेट पेटीतल्या फोल्डरमध्येच लिहीत होतं. पेटी अडली की लॅपटॉपचा छोटा बफर, म्हणजे आवाज तात्पुरता धरायची जागा, भरायचा, आणि तेवढा आवाज जायचा तो कायमचा.

याचं अर्धं औषध फुकटचं होतं. रेकॉर्डिंग लॅपटॉपच्या स्वतःच्या डिस्कवर करायचं आणि पूर्ण झाल्यावर फाइल पेटीत कॉपी करायची. कॉपी दोन मिनिटं जास्त रेंगाळली तरी एक थेंब सांडत नाही. हे त्याच दिवशी सुरू केलं आणि तुटणं थांबलं. कुणी मला विचारलं असतं की आता रॅम हवीच का, तर ओव्यांपुरतं उत्तर "नको" असंच होतं.

पण पेटी अडत का होती, हे पाहायचं राहिलंच होतं. एसएसएचनं, म्हणजे लॅपटॉपवरून आज्ञा टाइप करून, आत शिरलो आणि मेमरीची हालचाल दाखवणारं व्हीएमस्टॅट चालवलं, दर पाच सेकंदांना एक ओळ. त्यात स्वॅपमधून, म्हणजे मेमरीत न मावलेला मजकूर ठेवायच्या डिस्कवरच्या जागेतून, आत येणाऱ्या आणि स्वॅपमध्ये बाहेर जाणाऱ्या डेटाचे दोन रकाने असतात. निवांत यंत्रात ते शून्याजवळ राहतात. इथे मामींनी मोबाइलवर फोटोंचं ॲप उघडलं की दोन्ही रकाने हजारांत जायचे आणि कपाटावरून डिस्कची कटकट ऐकू यायची. पेटीत दोन जीबी मेमरी, म्हणजे चालू कामासाठीची रॅम, आणि तेवढ्यात फोटोंतले चेहरे ओळखणारं ॲप, त्याचा डेटाबेस, अंगणातल्या दोन कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग आणि पुण्याच्या दादाच्या लॅपटॉपचा रात्रीचा बॅकअप, हे सगळं कोंबलेलं. मेमरी संपली की यंत्र तिच्यातला मजकूर डिस्कवर नेऊन टाकतं आणि लागला की परत आणतं. डिस्क त्या येरझाऱ्यांत गुंतली की बाकीचे ताटकळतात.

इथे बरेच जण फसतात, म्हणून सांगतो. पेटीच्या पडद्यावर मेमरी "९० टक्के वापरात" दिसली म्हणून ती कमी आहे असं होत नाही. पेटी चालवणारं लिनक्स मोकळी पडलेली मेमरी फाइलींच्या कॅशसाठी, म्हणजे नुकत्याच वाचलेल्या फाइली हाताशी ठेवायला, वापरून टाकतं आणि कुणाला लागली की लगेच सोडून देतं. पाहायचं ते स्वॅपची सततची ये-जा आणि खरोखर उपलब्ध असलेली मेमरी. मामांच्या पेटीत स्वॅपमध्ये एक जीबीच्या वर मजकूर पडून होता आणि तो हलता होता. रॅमची गरज खरी होती. किती? दोन आणि वरचं हे एक, म्हणजे तीन-साडेतीन जीबीत घर सुखानं चाललं असतं.

स्टिकवरचं लेबल

पेटीत इंटेलचा सेलेरॉन जे४०२५ हा प्रोसेसर. दोन जीबी मेमरी बोर्डवरच सोल्डर केलेली, ती काढता येत नाही. डिस्कचे दोन्ही कप्पे बाहेर ओढले की आत बाजूला मेमरीची पट्टी, म्हणजे स्टिक, बसवायचा एक रिकामा स्लॉट दिसतो. कंपनीच्या तक्त्यात त्या स्लॉटला जास्तीत जास्त चार जीबी, म्हणजे एकूण सहा. इंटेलच्या पत्रकात या प्रोसेसरला मेमरीची कमाल मर्यादा आठ जीबी आणि वेग २४०० पर्यंत.

स्लॉट लॅपटॉपचा असतो तसा, डीडीआर४ सोडिम, २६० पिनांचा, १.२ व्होल्टचा. डेस्कटॉपची डीडीआर४ स्टिक लांब आणि २८८ पिनांची असते, ती बसायचा प्रश्नच नाही. थोड्या जुन्या पेट्यांत डीडीआर३एल लागते, २०४ पिनांची, १.३५ व्होल्टची. तिथे खरा धोका असतो. १.५ व्होल्टची साधी डीडीआर३ दिसायला तशीच, खाचही त्याच जागी, त्यामुळे ती स्लॉटमध्ये बसते. पण त्या काळातले बरेच छोटे सेलेरॉन फक्त १.३५ व्होल्टचीच मेमरी मानतात. लेबलवर पीसी३ नंतर एल आहे का, एवढं एक अक्षर तिथे पाहायचं.

डीडीआर४ चं लेबलही असंच वाचायचं. माझ्या समोर एक आहे : "४ जीबी, १आर×८, पीसी४-२४००टी-एसए१". शेवटच्या तुकड्यातला एस म्हणजे सोडिम. तिथे यू असेल तर ती डेस्कटॉपची. २४०० म्हणजे वेग. २६६६ किंवा ३२०० ची स्टिक लावली तरी ती सहसा खाली उतरून २४०० वर चालते. त्यामुळे वेगाच्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजायचं कारण नाही.

सगळ्यात कमी वाचला जातो तो मधला तुकडा, १आर×८. आर म्हणजे रँक, मेमरीचा रस्ता एकदा पूर्ण भरणारा चिपांचा गट, आणि आठ म्हणजे एका चिपची रुंदी आठ बिट. मेमरीचा रस्ता ६४ बिटांचा असतो. आठ-आठ बिटांच्या आठ चिप मिळून तो भरतात, किंवा सोळा-सोळा बिटांच्या चार. म्हणून आठ जीबीची स्टिक तीन तऱ्हेची निघते : चार गिगाबिटच्या सोळा चिप, आठ गिगाबिटच्या आठ चिप, नाहीतर सोळा गिगाबिटच्या चारच चिप. दुकानात तिन्हींचं नाव "आठ जीबी डीडीआर४" एवढंच. मेमरी सांभाळणाऱ्या जुन्या कंट्रोलरला मात्र त्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. नव्या लॅपटॉपमधून निघणाऱ्या ३२०० च्या स्टिक बहुतेक दाट चिपांच्या असतात, आणि लातूरच्या बाजारात काढलेल्या स्टिक म्हणून त्याच जास्त मिळतात.

ईसीसीचं मामांनी विचारलं, कारण त्यांनी ते कुठंतरी वाचलं होतं. ईसीसी मेमरीत प्रत्येक ६४ बिटांमागे आठ बिट जास्तीचे असतात. त्यातून एका बिटाची चूक पकडून दुरुस्त होते. अशा साठवणीला ती उत्तमच, पण प्रोसेसरला ती कळायला हवी. या सेलेरॉनला कळत नाही, म्हणून तो विषय तिथेच संपला.

तीन स्टिक

पुढच्या रविवारी मी एका ओळखीच्या दुकानातून आठ जीबीच्या दोन स्टिक परत द्यायच्या बोलीवर घेऊन गेलो. पहिली ३२०० ची, अंगावर चारच चिप. पेटी आधी सॉफ्टवेअरमधून बंद केली, प्लग काढला. डिस्कच्या कप्प्यांवर पेन्सिलीनं डावा-उजवा लिहून ते बाहेर काढले. उन्हाळ्यात आपल्याकडे हवा कोरडी ठणठणीत असते, अंगावरची स्थिर वीज चिपेला मारू शकते, म्हणून खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावून मगच स्टिक उचलली. ती तिरकी धरून सोनेरी पट्ट्या पूर्ण आत सरकवायच्या आणि मग खाली दाबायची. दोन्हीकडच्या कड्या टक् करून धरतात. सोनेरी पट्टीची रेघ बाहेर दिसत असेल तर ती बसलेली नाही.

चालू केली. निळा दिवा लुकलुकत राहिला. दहा मिनिटं, वीस मिनिटं. सुरू झाल्याची शिट्टी आलीच नाही. मामा शेजारी उभे, बोलले काही नाहीत, पण त्यांचे हात मी पाहत होतो. स्टिक काढली, पेटी पूर्वीसारखी सुरू झाली, आणि ते खुर्चीवर बसले.

दुसरी स्टिक, आठ जीबीच, पण २४०० ची, आठ चिपांची. तीन मिनिटांत शिट्टी. पडद्यावर एकूण मेमरी १० जीबी. म्हणजे स्लॉट ठीक होता, बसवणं ठीक होतं, अडत होतं ते चिपांच्या दाटीवर.

हिच्यावर थांबलो असतो तर बहुतेकांनी शाबासकीच दिली असती. मी ती काढून घेतली. इंटेलचं पत्रक आठवर थांबतं, आणि दोन अधिक आठ म्हणजे दहा. मर्यादा ओलांडून वर्षानुवर्षं चालणारी यंत्रं मी पाहिलीत, ते खोटं नाही. पण गरज साडेतीनची असताना, ज्या आवाजांची कॅसेटखेरीज दुसरी प्रत जगात नाही ते पत्रकाच्या बाहेरच्या भरवशावर ठेवायला माझं मन धजलं नाही. आठ जीबीपेक्षा चारची निवड मला तेव्हाही बरोबर वाटली, आताही वाटते.

चूक झाली ती त्यानंतर. नवी चार जीबीची स्टिक त्या दिवशी मिळाली नाही म्हणून माझ्या बॅगेत होती ती वापरलेली लावली. २४०० ची, १आर×८, लेबल अगदी हवं तसं. पेटी लगेच सुरू झाली, सहा जीबी दाखवले, मामींचं फोटोंचं ॲप झटकन उघडलं. मला संध्याकाळी लातूर गाठायचं होतं. मेमरीची तपासणी न करता मी निघालो.

एका फाइलचा नंबर

जाण्याआधी एक गोष्ट मात्र बहिणीला शिकवली होती. लॅपटॉपवर रेकॉर्डिंग पूर्ण झालं की त्या फाइलचा एमडी५ काढायचा. तो बत्तीस अक्षरांचा ठसा असतो, फाइलमधला एक बिट बदलला तरी सगळा बदलतो. तो वहीत नाही, एका मजकुराच्या फाइलमध्ये ठेवायचा, आणि पेटीतल्या प्रतीचा ठसा काढून दोन्ही जुळवायचे.

पाचव्या दिवशी तिचा फोन. "दादा, चौदा फाइलींपैकी एकीचा नंबर जुळत नाही. बाकीच्या जुळतात."

मी तिला पेटी बंद करून पुन्हा सुरू करायला आणि परत ठसा काढायला सांगितलं. नाहीतर पेटी तीच फाइल मेमरीतल्या कॅशमधून वाचून दाखवते, डिस्कवर काय उतरलंय ते कळत नाही. सुरू केल्यावरही जुळेना. म्हणजे डिस्कवरच चुकीचं लिहिलं गेलं होतं. तीच फाइल तिनं नव्यानं कॉपी केली, तर या वेळी जुळली.

दोन डिस्क आरशासारख्या एकमेकींची प्रत ठेवतात, मग अशी चूक कशी राहते, असं मामांनी विचारलं. "दोन जागी आहे म्हणलास की तू." त्यांचा प्रश्न बरोबर होता. नेटवर्कवरून आलेली फाइल आधी मेमरीत उतरते आणि तिथून दोन्ही डिस्कवर जाते. मेमरीतच एक बिट पालटला तर दोन्ही डिस्कवर तीच चूक, अगदी सारखी. बीटीआरएफएससारखी फाइल व्यवस्था प्रत्येक तुकड्याचा स्वतःचा ठसा ठेवते आणि डिस्क कुजली तर पकडते, हे खरं. पण बिट तो ठसा काढायच्या आधीच पालटला असेल तर ठसा त्या चुकीचाच निघतो, आणि पुढची प्रत्येक तपासणी "सगळं ठीक" म्हणते. ही चूक फक्त बाहेरून, लॅपटॉपवर आधी काढलेल्या ठशाशी ताडूनच सापडते.

मी त्याच संध्याकाळी अंबाजोगाईला जाऊन स्टिक काढून आणली. दुकानात एका डीडीआर४ लॅपटॉपमध्ये ती एकटीच लावली आणि पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ रात्रभर चालू ठेवलं. हे सॉफ्टवेअर मेमरीच्या प्रत्येक घरात ठरावीक नमुना लिहितं आणि परत वाचून पाहतं. पहिली फेरी स्वच्छ गेली. दुसऱ्या फेरीत एक लाल ओळ. सकाळपर्यंत त्याच पत्त्यावर आणखी दोन. अपेक्षित आकडा आणि सापडलेला आकडा शेजारी शेजारी होते, आणि त्यांत एकच अक्षर वेगळं : एफच्या जागी डी. एफ म्हणजे चार बिट, चारही एक. डी म्हणजे तेच चार, पण तिसरा शून्य. चार जीबीतलं एक घर, त्यातला एक बिट, तोही स्टिक तापल्यावर. जी स्टिक पेटी सुरूच होऊ देत नाही तिचं मला तितकं भय वाटत नाही. ही सगळं सुरळीत दाखवत होती आणि आजीच्या आवाजात हात घालत होती.

पहिली एकच फेरी पाहून मी ती स्टिक पास केली असती, हेही लक्षात राहिलं. आता दुकानातून नासमध्ये जाणारी प्रत्येक स्टिक, नवी असो की जुनी, किमान एक पूर्ण रात्र चाचणीवर राहते. गिऱ्हाईक घाईत असलं तरी.

चौथी स्टिक नवी मागवली. किंग्स्टनसारख्या मेमरी बनवणाऱ्यांच्या साइटवर यंत्राचं मॉडेल टाकलं की जुळणारी स्टिक दाखवतात. तिथून आलेला पूर्ण पार्ट नंबर दुकानदाराला दिला आणि पाकिटावर तोच आहे हे फोडण्याआधी पाहिलं. नुसतं "चार जीबी डीडीआर४ लॅपटॉपची" म्हणून मागितलं असतं तर काहीही आलं असतं. नासच्या कंपनीची स्वतःच्या नावाची स्टिकही मिळते. पेटी वॉरंटीत असेल आणि खिशाला झेपत असेल तर तीच घ्यावी, कारण काही बिघडलं तर बोट दाखवायला दुसरा कुणी राहत नाही. मामांच्या पेटीची वॉरंटी केव्हाच संपली होती. नवी स्टिक आधी लॅपटॉपमध्ये रात्रभर, मग पेटीत बसवून कंपनीच्या मेमरी चाचणीत आणखी काही तास. लाल ओळ एकही नाही.

काय बदललं

स्वॅपचे दोन्ही रकाने आता दिवसभर शून्यावर असतात. फोटो उघडायची वाट पाहणं संपलं, कॅमेऱ्याचं जुनं चित्र मागे नेताना अडकत नाही. मोठी फाइल कॉपी व्हायचा वेग मात्र होता तसाच राहिला, अकरा एमबी. मामांचा थोडा हिरमोड झाला. ते रॅमचं कामच नव्हतं. राउटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचे निघाले. पेटी आणि लॅपटॉप यांच्यामध्ये एक गिगाबिट स्विच, म्हणजे केबली जोडायची जास्त वेगाची डबी, ठेवला, तेव्हा तो शंभरच्या पुढे गेला.

सदोष स्टिक पेटीत होती त्या पाच दिवसांत जे जे लिहिलं गेलं ते सगळं संशयित धरलं. ओव्यांच्या चौदाही फाइली लॅपटॉपवरून पुन्हा उतरवल्या, ठसे जुळवले. मोबाइलवरून आलेले त्या दिवसांतले फोटो पुसून परत घेतले. दादाच्या लॅपटॉपचा बॅकअप नव्यानं केला. याला पूर्ण रविवार गेला. ओव्यांची एक प्रत आता माझ्याकडे लातूरला वेगळ्या डिस्कवर असते, ठशांच्या फाइलसकट.

मामांनी पेटीच्या आतल्या बाजूला एक चिकटपट्टी लावली आहे. त्यावर त्यांच्या शाळेतल्या वळणदार अक्षरात स्टिकचा पार्ट नंबर, चाचणीची तारीख आणि "२ + ४ = ६, यापुढे नको" असं लिहिलंय. उड्या पडलेली ती पाऊण तासाची बाजू बहिणीनं कॅसेटवरून पुन्हा रेकॉर्ड केली. मामी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या आणि दारातच उभ्या राहून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. अजून सहा कॅसेट बाकी आहेत.